कडूबाच्या चिबडातली देवी

मे महिन्याच्या दुपारी आमच्या सावरदऱ्यात कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. त्या वर्षी मात्र कडूबाच्या वावरात जत्रा भरली होती. जानेफळकडून जीपा येत होत्या, मेहकरकडून ऑटो येत होते, आणि एकदा तर देऊळगाव राजाहून लग्नासाठी ठरवलेली लक्झरी नवरदेवासकट आमच्या पाणंदीत शिरली. रसवंतीवाला आला, नारळवाला आला, मोबाईलची कव्हरं विकणाराही आला. आणि एवढी माणसं उन्हात ताटकळत बघत काय होती, तर चिखल.

चिखल साधा नव्हता, हे खरं. सगळ्या शिवारात जमीन भेगाळली होती, विहिरींचे तळ दिसत होते, आणि टेकडीच्या पायथ्याशी, कडूबाच्या वावराच्या खालच्या कोपऱ्यात गुडघाभर चिखल आणि त्यात हिरवागार लव्हाळा. चिखलावर साचलेल्या पाण्यावर मोरपंखी तवंग. त्या पाण्यातून एक बारीक ओघळ निघाला होता, तो कुंकू कालवल्यासारखा तांबडा.

ओघळाच्या वरच्या अंगाला मंडप घालून पंकजानंद महाराज बसले होते. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेला. नाव त्यांनी विचार करूनच घेतलं असणार. वय फार नव्हतं, पण दाढी होती, आणि आवाज असा की लाउडस्पीकरची गरज नसताना ते लाउडस्पीकर वापरायचे.

"भक्तहो," महाराज म्हणायचे, "गंगा हिमालयात उगम पावते, हे शाळेत शिकवतात. पण तिची धाकटी बहीण नीलगंगा कुठं गुप्त झाली, हे शाळेत शिकवत नाहीत. कारण शाळेला ते ठाऊकच नाही. ती इथं बसली आहे. कडूबाच्या वावरात. कडूबा, ऊठ, लोकांना दर्शन दे."

मग कडूबा उठून हात जोडायचा. त्या कोपऱ्यानं त्याला आयुष्यभर छळलं होतं. तूर पेरली की सडायची, हरभरा पेरला की पिवळा पडायचा, नांगर घातला की बैल रुतायचे. 'चिबड' म्हणून त्यानं तो तुकडा पडीक टाकला होता. आता त्याच चिबडाच्या दारात तो पांढरी टोपी घालून उभा राहायचा आणि लोक त्याच्याही पाया पडायचे. त्यानं तरी का नाही म्हणावं?

महाराज चिखलात कोपरापर्यंत हात घालायचे आणि मूठभर माती वर काढायचे. वरच्या मातीसारखी काळी नाही, निळसर राखाडी, लोण्यासारखी मऊ. तिला सडक्या अंड्याचा वास यायचा. लोक नाकाला पदर लावायचे, तेव्हा महाराज रागवायचे. "नाक झाकू नका. हा पाताळाचा सुगंध आहे." मग पदर हळूच खाली यायचे.

त्या मातीचा पिंड करून ते एकेकाला द्यायचे. "हिला देव्हाऱ्यात ठेवा. सकाळपर्यंत ही लाजेल. हिचा रंग लाल झाला, तर समजा तुमचं दुखणं तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं. मग तीच माती दुखऱ्या जागी लावा. आणि एक ध्यानात ठेवा. देवीचं औषध आणि माणसाचं औषध एका अंगात नांदत नाही."

पंचाईत अशी होती की माती खरंच लाल व्हायची. संध्याकाळी निळी, सकाळी वरून विटकरी. मी स्वतः शेजारच्या सत्यभामाबाईंच्या देव्हाऱ्यात पाहिली. मी जानेफळला पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतो. फुलं वाहिल्यानं चालू झालेली मोटर मी अजून पाहिलेली नाही, त्यामुळं असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या मातीपुढं माझी बोलती बंद झाली होती. नाही म्हणायचं, तर ती लाल का होते हे सांगायला हवं ना.

हे सगळं आमच्या घरात शिरलं ते मायमुळं. माझी माय, रुक्मिणीबाई, बऱ्याच वर्षांपासून साखरेची पेशंट. सकाळ-संध्याकाळ सुई घ्यायची. त्या उन्हाळ्यात तिच्या पायाच्या करंगळीजवळ बाभळीचा काटा मोडला. तिला तो कळलाच नाही, जखम झाली तेव्हा दिसला. मेहकरच्या डॉक्टर मंजुश्री मॅडमनी काटा काढला, ड्रेसिंग सांगितलं, आणि सुई चुकवू नका म्हणून बजावलं.

माझी बायको छाया रोज ड्रेसिंग करायची. ती धाड गावची, जानेफळच्या शाळेत भूगोल शिकवते. सासू-सुनेचं तसं बरं होतं. म्हणजे दोघी एकमेकींच्या भाजीला नावं ठेवायच्या, पण खायच्या.

एका मंगळवारी माय सत्यभामाबाईंबरोबर चिबडात जाऊन आली. येताना हातात पिंड, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून दिलेला.

"माय, हे काय?" मी विचारलं.

"तुले काय करायचं? तू आपल्या मोटरी पाह्य."

पिंड देव्हाऱ्यात गेला. सकाळी पाहिला तर जसाच्या तसा. निळा. दुपारी माय परत गेली, आणि आली ती तोंड फिरवूनच आत गेली. संध्याकाळी छाया ड्रेसिंगचं सामान घेऊन बसली, तर मायनं पाय आखडून घेतला.

"राहू दे."

"काऊन आत्याबाई? दुखते का?"

"दुखत नाई. हात लावू नको फक्त."

रात्रीच्या भाकरीलाही तिनं हात लावला नाही, सत्यभामाबाईंकडून मागवून खाल्ली. शेवटी सत्यभामाबाईंनीच मला अंगणात गाठून सांगितलं. महाराज म्हणाले होते, घरात देवीले हसनारं मानूस हाय. शिकेल बाई हाय. तिच्या हातचं अन्न आन् तिच्या हातचं औषध चालू हाय, तवरोक पिंड लाजनार नाई.

मी छायाला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल किंवा भांडेल. ती थोडा वेळ परातीतलं पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "मी त्याच्या मंडपात कधी गेलीच नाई. मग त्याले काय माहीत, मी शिकेल हाव का अडाणी?"

"गावात कोनीही सांगल."

"तेच म्हणते मी. कोनीतरी सांगतलं असंल, अन् मग त्यानं पिंड दिला."

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आल्यावर गल्लीत फिरली. कुणाकडे विरजण मागितलं, कुणाकडे मुलीच्या लग्नाची चौकशी केली, आणि प्रत्येक घरात देव्हाऱ्यापुढं हात जोडून आली. घरी आली तेव्हा डोळे चमकत होते.

"ऐका. ज्याचा पिंड लाल झाला, त्याले तो फडक्यात बांधून भेटला. ज्याचा निळा राह्यला, त्याले आत्याबाईसारखा प्लॅस्टिकच्या पन्नीत. गल्लीत एकही घर याच्याबाहेर नाई."

"मग?"

"मग काय, मातीले हवा पायजे. फडक्यातून लागते, पन्नीतून लागत नाई. तुमच्या दुकानातला लोखंडी पाइप उघड्यावर पडला की काय होते?"

"गंजते."

"हेच होऊन राह्यलं."

तिनं मला मोटरीच्या भाषेत समजावलं, म्हणून ते मला कायमचं समजलं. आपल्या मातीत लोखंड भरपूर. एरवी ते गंजलेलंच असतं, म्हणून काळ्या मातीतही तांबूस-करडी झाक असते. पण माती महिनोन्‌महिने पाण्यात बुडून राहिली की तिच्यात हवा जात नाही. आतले बारीक जीव श्वासासाठी त्या गंजातलाच प्राणवायू ओढून घेतात. गंज सुटला की रंग निळसर राखाडी. तीच माती बाहेर काढून उघडी ठेवली की लोखंड पुन्हा गंजतं. तांबडा ओघळ म्हणजे तोच गंज. मोरपंखी तवंग म्हणजे त्याच गंजावर जगणाऱ्या जीवांची साय. तेलाचा तवंग काडीनं हलवला की परत जुळून येतो. ही साय तुटून तशीच तुकडे होऊन राहते.

तिनं मायच्याच पिंडाचे दोन भाग केले. एक ताटलीत उघडा ठेवला, एक लोणच्याच्या बरणीत दाबून भरला आणि झाकण लावलं. दोन्ही देव्हाऱ्यात, शेजारी शेजारी. सकाळी ताटलीतली माती विटकरी झालेली होती आणि बरणीतली निळी.

मायनं दोन्हींकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "माझ्या देव्हाऱ्यात लोनच्याची बरनी कोनं ठेवली?" आणि पूजा करायला बसली.

आम्हांला वाटलं, उपयोग झाला नाही.

तिनं सुई बंद केली होती, हे आम्हांला कळायला उशीर झाला. सुई घेते म्हणून आत जायची आणि तशीच बाहेर यायची. सत्यभामाबाईंकडची लाल झालेली माती तिनं जखमेत भरली होती, वरून फडकं. दुखत नव्हतं, त्यामुळं तिची खात्रीच पटली होती की गुण येतोय. मग एक दिवस दुपारी तिला थंडी वाजून ताप भरला. छायानं फडकं सोडलं आणि मला फक्त एवढंच म्हणाली, "जीप काढा."

मंजुश्री मॅडमनी पाय पाहिला आणि आधी आम्हां दोघांना बाहेर नेलं. "दुखत नव्हतं म्हणता ना? तीच भीती आहे. साखरेनं त्यांच्या पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत. दुखलं असतं तर त्या आठ दिवस आधी आल्या असत्या."

करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी छाया तिला चमच्यानं पेज भरवत होती. माय मधेच थांबली.

"छाया."

"जी आत्याबाई."

"त्या बरनीतली माती मंग लाल झाली का नाई?"

"झाकण काढल्यावर झाली."

माय पुन्हा पेज खाऊ लागली. वाटी संपल्यावर म्हणाली, "म्हंजे तू नोती बाटेल. पन्नी बाटेल होती."

छाया हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मायनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मले घरी सोडतीन तवा पयले चिबडात ने. मी भांडनार नाई. मले फक्त पिंड मागायचा हाय."

मंगळवारीच घेऊन गेलो. मायच्या पायाला हे मोठं बँडेज, एका बाजूला मी, एका बाजूला छाया. गर्दीनं वाट दिली. महाराजांनी मायला ओळखलं आणि आवाज चढवला. "बघा भक्तहो, श्रद्धेत किंतु आला की काय होतं. देवीनं बोट मागितलं."

"हाव महाराज," माय शांतपणे म्हणाली. "किंतु आला. म्हनून आता परत आली. मले नवा पिंड द्या."

महाराज खूश. त्यांनी मूठ भरली, शिष्याकडं हात केला. शिष्यानं पिशवी पुढं केली.

"पन्नीत नको," माय म्हणाली. "फडक्यात द्या. आन् भगवंतरावले पन्नीत द्या."

भगवंतराव आमचे माजी सरपंच, गावातले मोठे जमीनदार. मंडप त्यांचा, सतरंज्या त्यांच्या, आणि महाराजांच्या उजव्या हाताची खुर्चीही त्यांची. त्यांचे सगळे पिंड आजवर लाल झालेले. ते मिशीतल्या मिशीत हसले. "माह्या श्रद्धेले काय पन्नी आन् काय फडकं. द्या महाराज."

महाराजांचा हात थांबला. "तुमचा पिंड वस्त्रातच शोभतो, भगवंतराव."

"अहो द्या म्हनतो ना. लोक पाहून राह्यले."

लोक खरंच बघत होते. महाराजांना नाही म्हणता येईना. नीलगंगेला पन्नीचं वावडं आहे असं आता सांगायचं, तर इतके दिवस पन्नीत का वाटली, हा प्रश्न तयार होता. त्यांनी एकाच मुठीतली माती दोघांना दिली. भगवंतरावांच्या पिशवीची गाठ छायानं बघितली, मायच्या फडक्याची गाठ भगवंतरावांनी बघितली. दोन्ही पिंड मारुतीच्या पारावर टोपलीखाली ठेवले आणि राखणीला दोन्ही बाजूंची माणसं बसली.

सकाळी टोपली उचलली तेव्हा सगळं गाव पाराभोवती होतं. मायचा पिंड वरून तांबडा. भगवंतरावांचा निळा, कालचाच.

सगळे महाराजांकडे बघत होते. महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "भगवंतरावांच्या घरात काहीतरी अशुद्ध आहे."

हे त्यांनी बोलायला नको होतं. मायला बोलले होते तेव्हा गावानं मान डोलावली होती. पण ज्यांच्या मांडवात रोज बसायचं, त्या भगवंतरावांनाच. ते उठून उभे राहिले.

"माह्या घरात?" ते म्हणाले. "माह्या घरात अशुद्ध?"

"थांबा काका," छाया पुढं झाली. "तुमच्या घरात काही नाई. पन्नी सोडा, पिंड मोडा अन् उन्हात ठेवा." तिनं स्वतःच तो फोडून परातीत पातळ पसरला. "च्या पेऊन या सारे."

लोक चहा पिऊन आले. परातीतल्या मातीच्या कडा तांबूस व्हायला लागल्या होत्या. दुपारपर्यंत सगळी परात विटकरी झाली. मग छायानं लोखंड आणि गंज समजावून सांगितलं, मला सांगितलं तसंच. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. पण सत्यभामाबाईंचं समाधान होईना, आणि त्यांचा प्रश्न चांगला होता.

"माती गंजते, हे मानलं बाई. पन अशी माती साऱ्या शिवारात कडूबाच्याच वावरात काऊन? आन् भर उन्हाळ्यात तठी पानी काऊन? तिथं देवी नाई तर काय हाय?"

महाराजांना धीर आला. "हाच तो प्रश्न. मास्तरीणबाई, द्या उत्तर."

छाया टेकडीकडं बोट दाखवून म्हणाली, "उत्तर तिथं हाय. वर पाझर तलाव हाय ना? दोन वर्षं पाऊस दिवाळीपर्यंत पडला, तलाव भरला. तलावाचं पानी जाते कुठं? खाली मुरूम हाय, मुरमातून पानी झिरपते. मुरमाखाली काळा खडक. भगवंतरावकाका, तुमच्या वरच्या विहिरीले काळा खडक कुठं लागला?"

"टेकडीवरल्या देवीच्या देवळाच्या जोत्याच्या बराच खाली. सुरुंग लावा लागला होता."

"अन् त्याच्या वरून पानी येत होतं?"

"आडवं यायचं. खडकावरून सरकत."

"तेच. खडक पान्याले खाली जाऊ देत नाई, मग ते आडवं चालते. अन् टेकडीचा उतार जिथं त्या खडकापर्यंत कापला गेला, तिथं बाहेर येते. कडूबाकाकाचा कोपरा तिथंच हाय, वरून बशीसारखा खोलगट. आलं ते पानी साचते. कोकणात पाऊसच एवढा की असली पाणथळ माती खाचरा-खाचरात भेटते. आपल्याकडं वर्षातले आठ महिने ऊन पानी उडवते, म्हनून ती सगळीकडं होऊच शकत नाई. उतारानं पानी आनून सोडलं अन् खडकानं अडवलं, तिथंच होते."

"बोलनं सोपं हाय," महाराज म्हणाले.

"हाव. म्हनून खनून पाहू." छाया गावाकडं वळली. "माझं म्हनणं खरं असलं, तर ही माती टेकडीच्या पायथ्याले त्याच उंचीवर अजून भेटली पायजे, जिथं खोलगट जागा हाय अन् लव्हाळा उगवते. अन् वर देवळापाशी भेटायले नको. महाराज, तुमच्या हिशेबानं?"

महाराज म्हणाले, "देवी एकाच जागी प्रकट होते. आणि दुसरीकडं कुठं असलीच, तर स्वतःच्या देवळात असेल."

मग काय, फावडी निघाली. आधी वरती, टेकडीवरच्या देवीच्या देवळामागं खणलं. मुरूम, कोरडा खडखडीत. कमरेएवढं खणलं तरी मुरूमच. मग छाया खाली आली आणि पायथ्यानं चालू लागली, मागं सगळं गाव. ती कडूबाच्या कोपऱ्याच्या उंचीचा अंदाज घेत जात होती आणि खाली लव्हाळा शोधत होती. टेकडीला अर्धा वळसा घातल्यावर ती एका जागी थांबली. तिथं लव्हाळा होता, हिरवा, दाट. जागा भगवंतरावांच्या गोठ्याच्या मागची. शेण टाकायची.

"इथं?" भगवंतराव म्हणाले.

"इथं."

गड्यानं शेण बाजूला ओढून फावडं मारलं. हातभर काळी माती, आणि मग फावड्याच्या पात्यावर निळसर राखाडी लोणी आलं. तोच रंग, तोच मऊपणा. सगळ्यांनी आपापलं नाक धरलं.

"पाताळाचा सुगंध," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळं गाव हसलं. भगवंतरावही हसले. माणूस मोठ्या मनाचा. उशिरा समजतं, पण समजल्यावर मागं फिरत नाही.

महाराज हसले नाहीत. ते तिथं नव्हतेच. सगळे खड्ड्याभोवती असताना त्यांनी पाणंदीनं रस्ता धरला होता.

तेव्हा कडूबा टोपी काढून खाली बसला आणि म्हणाला, "मी सांगतो आता. हा मानूस मागच्या हिवाळ्यात बोअरच्या गाडीवर होता. नारळ हातावर ठेवून पानी दाखवायचा. तवा दाढी नोती. माह्या कोपऱ्यात चिखल उकरत लय येळ बसला होता. पुढच्या खेपेले आला तवा महाराज होऊन आला. मले वाटलं, जमिनीनं जन्मभर काई देलं नाई, आता देऊन राह्यली तर देऊ दे."

माय त्याच्याकडं बघत होती. "कडूबा," ती म्हणाली, "माहं बोट गेलं."

कडूबानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मायनं पोलीस ठाण्यात तक्रार दिली. लेखनिक म्हणाला, आजी, अंगठा करा. माय म्हणाली, सही करता येते. मंजुश्री मॅडमनी औषध बंद करायला लावल्यानं काय झालं ते लिहून दिलं होतं, आणि कडूबानं साक्ष दिली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. पंकजानंद महाराज नंतर धाडच्या बाजूला सापडले. एका नाल्याच्या वळणावर, लव्हाळ्यात उकिडवे बसून चिखल चाचपत होते. दाढी काढलेली होती.

आमच्या चिबडाचं म्हणाल, तर कडूबानं तिथं आता धोपा, म्हणजे भाजीचं अळू, लावला आहे आणि बाजूला जनावरांसाठी गवत. जे पाणी तुरीला सडवायचं ते धोप्याला मानवलं. छाया तिच्या वर्गाला तिथं घेऊन जाते. लव्हाळ्याचं मूळ उपटून दाखवते. सगळी माती निळी, पण मुळाच्या भोवती तांबडी रेघ, कारण मूळ स्वतःबरोबर वरची हवा खाली नेतं. पोरांना ते फार आवडतं. पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला, तेव्हा एप्रिलमध्येच कोपरा वाळला, भेगा पडल्या आणि भेगांच्या कडा गंजल्या. देवी रुसली, असं गावात कुणी म्हणालं नाही. लोक वर तलावात किती पाणी आहे ते बघायला गेले.

एवढं सगळं झालं तरी परवा सत्यभामाबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांच्या भाचीला कावीळ झाली होती आणि कुणीतरी जालन्याकडच्या एका बुवाचं नाव सांगितलं होतं. तो म्हणे हात धुऊन कावीळ उतरवतो, पाणी पिवळं होतं. फक्त दवाखाना बंद करायला सांगतो.

छाया काही बोलणार, तोच मायनं तिला हातानं थांबवलं.

"सत्यभामा," माय म्हणाली, "देव तुहा हाय, तू मान. मीबी मानते. पन कुठं नवल दिसलं तर हात जोडायच्या आधी तीन गोष्टी कर. ते कशानं होते, विचार. दुसऱ्या जागी होते का, पाह्य. अन् उलटं करून पाह्य, ज्याले कावीळ नाई त्याचेबी हात धुवाले लाव. आन् कोनी म्हनलं का औषध सोड, तर पयले त्यालेच सोड."